कलेक्टरचा उपास

कलेक्टर भिंतीशी एक पाय वर करून उभा होता. बराच वेळ उभा होता. एक थेंब पडला आणि थांबला. त्यानं पाय खाली घेतला, चार पावलं पुढं गेला आणि पुन्हा तसाच उभा राहिला.

"बाबा, ह्याला लघवी होत नाहीये," सिंधु म्हणाली.

"पोटात पाणी असंल तर व्हईल ना," ओट्यावर बसलेले लिंबाजी म्हणाले. "मला तरी कुठं व्हायली?"

पण सिंधुनं कुत्र्याच्या पोटाखाली हात घातला आणि तिचा हात तिथंच थांबला. आत काहीतरी गोल, ताठ लागत होतं, हवा भरलेल्या चेंडूसारखं. कलेक्टर कण्हला आणि तिचा हात चाटायला लागला.

लातूरचा जिल्हा झाला त्या आठवड्यात हे पिल्लू नालीच्या पुलाखाली सापडलं होतं. लिंबाजी तेव्हा तहसिलात शिपाई होते. "गावाला कलेक्टर आला, आपल्या घरालाबी एक असू द्या," असं म्हणून सिंधुच्या आईनं त्याचं नाव ठेवलं. पुढं लिंबाजी रिटायर झाले. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत दोन खोल्या बांधल्या. तिथं राहायला आल्यावर सहा महिन्यांत सिंधुची आई गेली. त्यानंतर लिंबाजींचं बोलणं आटत गेलं. मुलीशी ते कामापुरतं बोलत. बाकीचं सगळं कलेक्टरशी. रस्त्यानं खऱ्या कलेक्टरची जीप गेली की म्हणत, "साहेब, तुमची गाडी चालली बघा, तुम्ही राहिलाव मागं."

आणि शेजारच्या धुरपताबाईंशी बोलत. धुरपताबाई विधवा होत्या. सुनेशी पटत नव्हतं, म्हणून मुलानं त्यांना मुरुडहून आणून इथं वेगळं घर करून दिलं होतं. मुरुडात अशी दोन घरं एका भिंतीला लागून उभी राहिली नसती. इथं सगळेच नवे होते, प्लॉट पाडणाऱ्यानं जो नंबर दिला तो घ्यायचा. तरी धुरपताबाई कधी लिंबाजींच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. मधली भिंत छातीएवढी होती. त्यांचं जे काय येणं-जाणं होतं ते त्या भिंतीवरून, आणि तेही कलेक्टरच्या नावानं.

दर सोमवारी त्यांचा उपास असे. त्या दिवशी त्या भगर आणि शेंगदाण्याची आमटी करत, आणि एक वाटगा भिंतीवरून कलेक्टरपुढं येई. तो शेपूट आपटत सगळं चाटून पुसून खाई.

"बाई, आमच्या घरातले उपास बंद झाले छप्पन साली, दीक्षा घेतली तवाच," लिंबाजी म्हणत. "आन् हे एकटं सोमवार करून राहिलंय."

"करू द्या. तुमच्या घरात एक तरी पुण्यवान असू द्या की, लिंबाजीभाऊ."

"पुण्यवान कशाचं? उपासाच्या दिवशी दुप्पट खातंय."

"मग उपासाला खायाचंच असतंय!"

सिंधुला हे बोलणं ऐकू आलं की बरं वाटे. तिनं रसायनशास्त्रात बी.एस्सी. केली होती, आणि नांदेडच्या एका कॉलेजात तिला प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. बाबांना एकटं ठेवून जायचं का, यावर तिनं आपल्याशी पुष्कळ वाद घातला होता. शेवटी तिचं उत्तर असं होतं: ते एकटे नाहीत. कलेक्टर आहे, आणि भिंतीपलीकडं धुरपताबाई आहेत. ह्या दोघांच्या भरवशावर तिनं आपली पेटी भरायला काढली होती.

जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवसांत कुणी सापडत नसे. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता आणि सगळे डॉक्टर छावण्यांवर होते. डॉक्टर शिवमूर्ती औषधांची खोकी न्यायला आले होते म्हणून भेटले.

"कुत्रं?" ते म्हणाले. "तिकडं बैलं मरायलीत, ताई."

पण ते खाली बसले. कलेक्टरचं पोट चाचपलं, बारीक नळी घालून बघितली. नळी मध्येच अडली. काहीतरी कणीसारखं घासल्याचा आवाज सिंधुलाही आला. मग त्यांनी पोटावरून सुई घालून लघवी काढली. ती लालसर होती. कलेक्टर हळूहळू सैल झाला आणि त्यानं मान जमिनीवर टाकली.

"खडे हायत. एक मार्गात अडकलाय. आज मोकळं केलं, उद्या पुन्हा भरंल. पिशवी उघडून काढावं लागतंय."

"बोअरच्या पाण्यानं झाले असतील?" सिंधुनं विचारलं. त्यांच्या बोअरचं पाणी तळाला गेल्यापासून भांड्याला पांढरा थर धरत होतं.

"असंल, नसंल. पाणी कमी पोटात गेलं हे नक्की." डॉक्टर हात पुसत म्हणाले. "उद्या सकाळी मी छावणीवर उशिरा जातो. आज संध्याकाळपासून उपाशी ठेवा. पोट रिकामं पायजे. भुलीचं इंजेक्शन दिलं की कुत्र्याला उलटी येती. ती श्वासात गेली की खेळ संपला."

घरी येताना सिंधुनं ते बाबांना समजावून सांगितलं. "उपाशी ठेवायचं. भाकरीचा तुकडासुद्धा नाही."

"हाव. कळलं. उपास," लिंबाजी म्हणाले.

संध्याकाळी तिनं कात्रीनं कलेक्टरच्या पोटावरचे केस कापले. तांब्याभर पाण्यात साबण कालवून तेवढाच भाग धुतला, आणि तेच पाणी खाली परात धरून गोळा केलं, कारण त्यात अजून पायपुसणं धुता आलं असतं. भाकरीचं टोपलं वर फळीवर ठेवलं. कलेक्टर टोपल्याकडं बघत बसला, मग तिच्याकडं, मग लिंबाजींकडं. लिंबाजींनी त्याच्याकडं पाठ केली आणि म्हणाले, "माझ्याकडं नको बघू. हुकूम तिचा हाय."

सकाळी टँकर आला. जखमेला उकळलेलं पाणी लागणार, फडकी धुवायला पाणी लागणार, म्हणून सिंधु घरात होती तेवढी भांडी घेऊन रांगेला पळाली. लिंबाजी भाजीवाल्या निवृत्तीकडं हातगाडा मागायला गेले. कलेक्टर अंगणात, भिंतीशी बांधलेला होता.

हातगाड्यावर गोणपाट टाकून त्याला निजवलं तेव्हा धुरपताबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी हात लांब करून कलेक्टरच्या कपाळाला अंगारा लावला. "जा माझ्या राजा. चांगला होऊन ये."

"आज बघा साहेबांचा थाट," लिंबाजी दांडा धरत म्हणाले. "शिपाई गाडी वढायला अन् साहेब झोपून."

कलेक्टर खरंच हुशार दिसत होता. तोंडावरून जीभ फिरवत होता. सिंधुला वाटलं, तहान लागली असेल.

दवाखान्यात टेबल एकच होतं, लोखंडी. डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी हाय ना?"

"कडक उपास, साहेब," लिंबाजी म्हणाले.

सिंधुनंही मान डोलावली. टोपलं तिनं स्वतः फळीवर ठेवलं होतं.

पहिलं इंजेक्शन दिलं. लिंबाजींनी डोकं धरलं होतं. कलेक्टरचे डोळे मिटायला लागले, मान जड झाली. मग त्याचं पोट आत ओढलं गेलं. एकदा, दोनदा. घशातून घरघर आली आणि तोंडातून पांढरट, दाटसर काहीतरी बाहेर पडलं. अर्धं पडलं. अर्धं पडायच्या आत त्याची मान पूर्ण ढिली झाली.

"डोकं खाली करा! खाली!" डॉक्टर ओरडले. त्यांनी त्याला टेबलाच्या कडेवरून उलटं लोंबकळवलं, बोटाला फडकं गुंडाळून घशात घातलं, पुन्हा पुन्हा पुसून काढलं. मग कलेक्टरनं श्वास घेतला. तो श्वास ओला होता.

"काय खाल्लं ह्यानं?"

फरशीवर भगरीचे दाणे होते. त्यात शेंगदाण्याचे अर्धे अर्धे तुकडे आणि दूध.

लिंबाजी त्या दाण्यांकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मी तिला सांगितलं. जाताना. म्हणलं, बाई, आज ह्याचा उपास हाय, आपरेशन हाय ना."

सिंधुला सगळं एकदम दिसलं. बाबा भिंतीजवळून घाईनं चाललेत. धुरपताबाईंनी ऐकलं. त्यांनी चूल पेटवली, भगर शिजवली, उपासाला चालतं म्हणून घरातलं दूध घातलं, आणि वाटगा भिंतीवरून खाली ठेवला. त्यांनी कुठलाही नियम मोडला नव्हता. ज्या घरात कुणी उपास धरत नाही, तिथं ह्या शब्दाचा अर्थ फक्त उपाशी राहणं एवढाच उरला होता. भिंतीपलीकडं तो अर्थ कधी नव्हताच.

"आता बंद करायचं का?" तिनं विचारलं.

"बंद केलं तर पिशवी फुटून मरंल," डॉक्टर म्हणाले. "केलं तर काय व्हतंय ते बघू." आणि त्यांनी पोटावर औषध पुसायला घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर स्वतःच तसं म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चीड होती. त्यांनी खडे कागदावर ठेवून दाखवले. पिवळट, खरखरीत, तुरीएवढे. दुसऱ्या कुठल्याही दिवशी सिंधुनं ते आम्लात टाकून बघायला मागून घेतले असते.

घरी कलेक्टरला पुढच्या खोलीत गोणपाटावर ठेवलं. तो टाके चाटू नये म्हणून लिंबाजींनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला आणि मधे भोक पाडून त्याच्या गळ्यात बसवला. सिंधु पाणी उकळून निववायची, फडकं पिळून जखमेभोवती पुसायची, ठरावीक वेळानं त्याची कूस बदलायची. उरलेलं पाणी वाटीत, आणि वाटीतून चमच्यानं त्याच्या तोंडात. पाणी भरपूर जायला पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टँकर पुन्हा कधी येईल हे कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी दारात सावली पडली. धुरपताबाई होत्या, कमरेवर घागर. त्या क्षणभर उंबऱ्याशी थांबल्या, मग आत आल्या.

"पाणी आणलंय. मला एकटीला किती लागतंय?" त्या म्हणाल्या आणि कलेक्टरशेजारी फरशीवर बसल्या. पुठ्ठा बघून हसल्या. "साहेबांना टोप घातला का हो?"

"दरबार हाय त्यांचा," लिंबाजी म्हणाले. त्यांनी सतरंजी पुढं सरकवली. सिंधुनं चहा केला आणि दुसरं काही न सुचून त्यांच्यापुढंही कप ठेवला. धुरपताबाईंनी तो उचलला आणि पिऊन टाकला.

त्या गेल्यावर लिंबाजी म्हणाले, "तिला सांगायचं न्हाई."

"बाबा, पण त्यांना कळायला नको का? पुढं कुणाच्या तरी..."

"पुढं? पुढचं कुठून आणलंस? तिचं काय चुकलं सांग बरं. शबूद माझा व्हता." मग कलेक्टरच्या गळ्यातला पुठ्ठा नीट करत, "न्हाई सांगायचं, सिंधे."

दुसऱ्या दिवशी कलेक्टर उठला. लटपटत अंगणात गेला, भिंतीशी पाय वर करायला गेला, तोल गेला म्हणून तसाच उभा राहिला, आणि त्याला धार लागली. सरळ, मोकळी, थांबता थांबेना अशी धार.

"आली! आली हो!" धुरपताबाई भिंतीपलीकडून ओरडल्या. "अय माय, गंगाच आली!"

लिंबाजी हसले. आईच्या मागं सिंधुनं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. ते ओट्यावर बसले आणि डोळे पुसायला लागले. त्या तेवढ्या वेळात सिंधुनंही मानून टाकलं की तो वाचला.

दुपारी तो खोकला. कोरडा, छोटा खोकला. मग अंग तापलं. संध्याकाळी नाकातून पाणी यायला लागलं, आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्या एकेक करून दिसायला लागल्या. सिंधु जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी पाठीला नळी लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं, आणि दाराबाहेर गेल्यावर म्हणाले, "उजवीकडं हवाच जाईना. जखम तर काय सुरेख भरायली." त्यांनी मान हलवली. "इंजेक्शनं चालू ठेवा. मी येत जाईन."

पुढचे दिवस सारखेच गेले. कलेक्टर आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून त्याला बसतं धरावं लागे. लिंबाजी धरत, मग सिंधु, मग धुरपताबाई. त्या आता सकाळीच येत. भिंतीला पाठ लावून बसत, त्याची छाती आपल्या मांडीवर टेकवून घेत आणि पाठीवरून हात फिरवत बोलत राहत, सुनेबद्दल, मुरुडच्या बाजाराबद्दल, त्यांच्या लहानपणीच्या एका वांड बैलाबद्दल. कलेक्टरचे कान मधूनच हलत. पलीकडं बसलेले लिंबाजी ऐकत. कधी म्हणत, "मग काय झालं?" आणि त्या पुढं सांगत.

शनिवारी लिंबाजी इंजेक्शनच्या बाटल्या आणायला गेले होते. धुरपताबाईंनी विचारलं, "सिंधे, ह्याचं आपरेशन तर मुताचं केलं. मग खोकला कामून?"

सिंधु फडकं पिळत होती.

"तू शिकलेली हायस. सांग मला. डॉक्टरनं बाहीर जाऊन तुला काय सांगितलं?"

"फुप्फुसात गेलंय," सिंधु म्हणाली.

"काय गेलंय?"

सिंधुला 'हवा' म्हणता आलं असतं. 'थंडी' म्हणता आलं असतं. पण तिला कुणी एखादी गोष्ट कशी झाली असं विचारलं, की तिच्या तोंडून तेच यायचं जे झालं होतं. "अन्न," ती म्हणाली. "भुलीत उलटी झाली. त्यातलं थोडं आत गेलं."

"पर त्यो तर उपासाला व्हता." धुरपताबाईंचा हात पाठीवर थांबला. "मी त्याला फकस्त भगर..."

सिंधुनं वर बघितलं नाही. फडक्यातून पाणी गळत होतं ते ऐकू येत होतं.

"कायबी द्यायचं नव्हतं व्हय?" धुरपताबाई म्हणाल्या.

एक 'नाही हो, मावशी, तसं काही नाही' एवढंच लागत होतं. सिंधु ते शब्द जुळवत होती. जुळवायला जेवढा वेळ गेला, तेवढा पुरला.

धुरपताबाईंनी गोणपाटाची घडी ओढून घेतली, कलेक्टरची छाती तिच्यावर नीट टेकवली, मान सरळ केली. हाताला लागलेली लाळ पदराला पुसली नाही. तशाच उठल्या आणि दारातून बाहेर पडल्या.

लिंबाजी आले तेव्हा त्यांनी आधी कलेक्टरकडं बघितलं आणि मग त्याच्याशेजारच्या रिकाम्या जागेकडं.

"त्यांनी विचारलं," सिंधु म्हणाली.

त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या. "अन् तू सांगितलंस."

"मी खोटं..."

"खोटं नको व्हतं बोलायला," ते म्हणाले. "नुसतं न्हाई म्हणायचं व्हतं."

कलेक्टर रविवारी सकाळी गेला. लिंबाजींनी त्याला बसतं धरलेलं होतं. एक श्वास आला, त्यानंतरचा आला नाही, आणि ते पुढच्या श्वासाची वाट बघत तसेच धरून बसले, शेवटी सिंधुनं त्यांचे हात सोडवले.

वसाहतीमागच्या पडीक रानात त्यांनी खड्डा खणायला घेतला. काळी जमीन वाळून दगड झाली होती. टिकाव उसळून परत यायचा. भेगा मात्र हातभर खोल होत्या. शेवटी लिंबाजींनी एक भेगच दोन्हीकडून फोडत रुंद केली. टाके अजून तसेच होते, व्यवस्थित, कोरडे, लाली नाही की सूज नाही.

परत येताना धुरपताबाईंच्या दाराला कुलूप दिसलं. समोरची केवळाबाई म्हणाली, सकाळच्या गाडीनं मुरुडला गेल्या, सुनेकडं. निरोप काही ठेवला नाही. "लई रडायली व्हती," ती म्हणाली. "कुत्र्यापायी एवढं?"

"मी नांदेडला जात नाही," घरात आल्यावर सिंधु म्हणाली.

"जायाचं," लिंबाजी म्हणाले.

"तुम्ही इथं कुणाशी..."

"जायाचं म्हणलं ना. नोकरी काय बसून राहती का तुझ्यासाठी?"

ते एवढंच बोलले. तिनं दोनदा विषय काढला, दोनदा ते उठून अंगणात गेले.

सोमवारी सकाळी त्यांनी तिची पेटी खांद्यावर घेतली आणि स्टँडपर्यंत पुढं पुढं चालत गेले. नांदेडची गाडी लागलेली नव्हती. दोघं बाकड्यावर बसले. समोरच्या नळावर रिकाम्या घागरींची रांग होती आणि रांगेत माणूस एकही नव्हतं.

"सिंधे," लिंबाजींनी समोर बघत विचारलं, "शेवटी त्याला लई तरास झाला असंल का गं?"

"नाही," ती म्हणाली. एक क्षणही न थांबता म्हणाली. "अजिबात नाही, बाबा. त्याला कळलंसुद्धा नसेल."

लिंबाजींनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते उठले आणि गाडी कुठं अडकली ते विचारायला खिडकीकडं निघून गेले.